मुलाचे काम, मुलीची मदत

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की काही प्रश्न हमखास पुढे येतात. धर्म आणि राष्ट्र, भाषा आणि अस्मिता, तलाक आणि बुरखा, दंगल आणि तिच्यानंतरची भीती. हे प्रश्न खोटे नाहीत. त्यांच्यासाठी आपण संमेलने भरवली, अंक काढले, एकमेकांशी भांडलोही. परंतु मोहल्ल्यातला माणूस दिवसाचे दहा-बारा तास ज्यात घालवतो ते काम, आणि त्या कामाला त्याचे हात पहिल्यांदा कोणत्या वयात लागतात, हा विषय आपल्या समीक्षेत क्वचितच येतो. आला तरी तो मुलाच्या अंगाने येतो. मुलगी त्यात नसते. असे का, हे या लेखात तपासायचे आहे. या तपासात आम्ही स्वतःही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आमचे बालपण कुर्ल्याच्या एका वस्तीत गेले. आठवीच्या सुट्टीत आम्ही नाक्यावरच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसलो. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, रबर घासायचे, सोल्युशन लावून फुंकर मारायची. उस्तादने हातावर ठेवलेली पाच रुपयांची पहिली नोट आम्हांला अजून आठवते. त्या दुकानावर आम्ही पुढे एक कथा, एक ललित लेख आणि दोन कविता लिहिल्या. आमची धाकटी बहीण त्या वर्षी बारा वर्षांची होती. घरात तयार शर्टांचे गठ्ठे यायचे. शाळेतून आली की ती अम्मीशेजारी बसून शर्टांना बटणे लावायची, सुटलेले धागे कापायची आणि मग भांडी घासायला उठायची. आमच्या एकाही ओळीत तो गठ्ठा आलेला नाही. तो आम्ही पाहिला नव्हता असे म्हणायची सोय नाही. त्याच गठ्ठ्यावर डोके ठेवून आम्ही दुपारी झोपत होतो.

मोहल्ल्याचा हिशेब

गोवंडी, धारावी, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोणत्याही वस्तीत जा, बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचे काम रस्त्यावरून दिसते. तो गॅरेजात गाडीखाली आडवा असतो, बेकरीत पावाचे ट्रे उचलतो, भंगाराच्या गोदामात प्लास्टिक निवडतो, चहाची किटली घेऊन दुकान-दुकान फिरतो. जरीच्या कारखान्यात तो अड्ड्यापुढे मांडी घालून आरी चालवतो. मुंबईतल्या अशा कारखान्यांत बिहारच्या सीतामढी, मधुबनी, दरभंगा भागांतून आणलेली कितीतरी मुले होती, आणि 2005 च्या सुमारास तेथे धाडी पडल्या तेव्हा शहराला त्यांचे चेहरे दिसले. वर्तमानपत्रांत फोटो आले, बातम्या आल्या.

त्याच गल्लीतली, त्याच वयाची मुलगी काय करते? दार अर्धे लोटलेले असते. आत ती टिकल्या पाकिटावर चिकटवते, नकली दागिन्यांवर खडे बसवते, पेनात रिफिल भरते, केसांच्या क्लिपा पुठ्ठ्यावर लावते, लसूण सोलते. मालेगावात असेल तर मागासाठी कांड्या भरते. मोबदला नगावर किंवा ग्रोसवर ठरतो. ग्रोस म्हणजे बारा डझन, 144 नग. माल आणून देणारा आणि नेणारा ठेकेदार कोणत्या कारखान्याचा आहे, हे घरात बहुधा कोणालाच माहीत नसते. या घरावर धाड पडत नाही आणि या मुलीचा फोटोही छापून येत नाही.

दोघेही गरीब, दोघेही कोवळे, दोघेही राबणारे. तरीही या दोन कामांत मोठा फरक आहे आणि तो घामाचा नाही. मुलाला उस्ताद असतो. तो कानाखाली वाजवतो, शिव्या देतो, पण पाच वर्षांत पान्याचे नंबर पाठ करून घेतो. आज फडके मारणारा मुलगा उद्या मिस्त्री होऊ शकतो. टिकलीच्या पाकिटाला उस्ताद नाही. दहाव्या वर्षी मुलगी जे करते तेच विसाव्या वर्षी करते, फक्त हात जास्त भराभर चालतो.

दुसरा फरक पैशाचा. मुलाची मजुरी त्याच्या हातात पडते. तो ती अम्मीला देतो, त्यातले थोडे ठेवून घेतो आणि त्या दिवसापासून घरात त्याच्या बोलण्याला वजन येते. मुलीने केलेले नग अम्मीच्या नगांत मिसळतात. तिचे किती होते हे वेगळे मोजलेच जात नाही. मग तिच्या बोलण्याला वजन येणार कोठून?

तिसरा फरक वेळेचा. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. मुलगा नमाज पढून सिनेमाला जातो, क्रिकेट खेळतो. मुलीचा शुक्रवार म्हणजे आठवड्याचे कपडे धुण्याचा दिवस. रमजानमध्ये आणि लग्नसराईत कपड्यांचे काम वाढते. तेव्हा मुलगा रात्रपाळी करून आला तर त्याला सेहरीपर्यंत कोणी उठवत नाही. मुलगी सेहरी करते, आवरते, आणि उजाडले की पुन्हा गठ्ठा पुढे ओढते.

चौथा फरक शब्दांचा आहे, आणि साहित्याचा संबंध येतो तो येथे. मुलाविषयी आपण म्हणतो, काम पे लगा है. मुलीविषयी म्हणतो, अम्मी को मदद करती है. एकाचे काम, दुसरीची मदत. कामाची मजुरी मागता येते, त्याविरुद्ध तक्रार करता येते, त्यावर कविता करता येते. मदतीचे फक्त कौतुक होते.

या हिशेबात मुलाची बाजू फायद्याची आहे असे मात्र कोणी समजू नये. काम करणारा मुलगा पहिली किंमत शाळेच्या रूपाने मोजतो. आज उर्दू शाळांतल्या दहावीच्या वर्गात अनेक ठिकाणी मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त दिसते. त्यावर आपण मुली पुढे गेल्याचे समाधान मानतो. परंतु रिकाम्या बाकावरचे मुलगे गॅरेजात आणि कारखान्यात गेले, हे त्या समाधानात विसरायला होते. मुली वर्गात टिकल्या याचे एक कारण हेही आहे की त्यांचे काम शाळेच्या वेळेनंतर, घरातच आणि कोणाला न दिसता उरकता येते.

रस्त्याचे विद्यापीठ

आता साहित्याकडे वळू. मराठीत कामगार मुलाची एक मोठी परंपरा आहे. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले आणि पडेल ते काम करत लेखक झाले. नारायण सुर्वे गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडलेले मूल. कोवळ्या वयात एकटे पडले, हॉटेलात, घरांत, गिरणीत राबले, पुढे नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 1966 साली त्यांनी आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' असे नाव दिले. रस्ता आणि कामगारवस्ती हेच विद्यापीठ, ही कल्पना मराठी वाचकाच्या मनात कायमची बसली. आपले शाहीर अमर शेख बार्शीत 1916 साली मेहबूब हुसेन पटेल म्हणून जन्मले. गाडीवर क्लीनर झाले, गिरणीत गेले आणि तेथून चळवळीच्या व्यासपीठावर पोहोचले. या तिघांचे ऋण आम्ही मानतो. आम्ही लिहायला लागलो ते त्यांच्यामुळेच.

परंतु या परंपरेने आपल्याला एक साचा दिला. मुलगा घराबाहेर पडतो, मार खातो, शहर त्याला शिकवते, त्याला सोबती मिळतात, संघटना मिळते, शब्द मिळतात. या साच्यात दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेले थोडे. पाठ वाकून, खोकला घेऊन, निरक्षर राहिलेले हजारो. आत्मकथन लिहितो तो सुटलेला माणूस. जो सुटला नाही त्याची कहाणी आपण सुटलेल्याच्या तोंडून ऐकतो आणि गरिबीत माणूस घडतो असा सोयीचा निष्कर्ष काढतो. बालमजुरीचे यापेक्षा सुंदर समर्थन कोणत्याही ठेकेदाराला सुचले नसते.

दुसरी गोष्ट अशी की या विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही. रस्ता मुलाला शिकवतो. मुलीला रस्त्यावर उभे राहायचीच बंदी. मग तिचे विद्यापीठ कोणते? अमर शेखांच्या गाण्याचे मूळ त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांत शोधले जाते. हे आपण नेहमी कौतुकाने सांगतो, पण त्याचा अर्थ लावत नाही. जाते हे बाईच्या कामाचे साधन होते. त्या कामाला स्वतःचे गाणे होते. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, यावरून ती संपत्ती केवढी होती हे कळते. गिरणी आली, जाते गेले, आणि शहरातल्या खोलीत जात्याच्या जागी ठेकेदाराचा गठ्ठा आला. गठ्ठ्याला ओवी नाही. शेजारी टीव्ही चालू असतो आणि हात चालू असतात. कामाने गाणे द्यायचे थांबवले, की ते काम साहित्यातूनही नाहीसे होते.

पडद्यावरही हेच दिसते. मालेगावच्या यंत्रमागवाल्या पोरांनी फावल्या वेळात सिनेमे काढले. फैजा अहमद खान यांनी 2008 साली त्यांच्यावर माहितीपट केला. मागावर राबणारा किडकिडीत शफीक शेख सुपरमॅन होऊन उडाला, आणि त्याला पाहून आपल्या डोळ्यांत पाणी आले. पण त्या सिनेमांत बाईचे काम करायला नटी बाहेरगावाहून आणावी लागे. गावातल्या कांड्या भरणाऱ्या मुली त्या सिनेमात नाहीत. त्यांचाही फावला वेळ असता तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न आम्हांला तो माहितीपट पाहताना पडला नाही. पुष्कळ वर्षांनी पडला.

ज्यांनी पाहिले

मुलीचे काम मराठीत कोणीच पाहिले नाही, असा याचा अर्थ नव्हे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) नागपाड्याजवळचा कावाखाना आहे. तेथल्या बाया रस्त्यावरून चिंध्या, कागद, काचा, बाटल्या गोळा करतात, निवडतात, विकतात. पवारांनी त्या बायांचे कष्ट नावानिशी कागदावर आणले, ही मोठी गोष्ट आहे. तरी ते पाहणारा डोळा मुलाचा आहे. तो मुलगा शाळेत जातो आणि म्हणून लिहितो.

हा डोळा फिरला तो ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003). आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या. त्यांची आई रत्नागिरीत त्या विणून घर चालवायची आणि विणलेला माल घरोघर पोचवायला लहानगी ऊर्मिला जायची. वरच्या जातीच्या घरांत तिला बाहेरच थांबावे लागे. मुलीच्या वाट्याला आलेले हे काम पुस्तकाच्या मधल्या कुठल्या पानावर विसावत नाही. ते थेट मुखपृष्ठावर येते आणि लेखिका आपल्या लिहिण्याचे नाते आईच्या विणण्याशी जोडते. 'मदत' या शब्दाला मराठीत दिलेले इतके नेमके उत्तर आम्हांला दुसरे माहीत नाही.

आपल्या उर्दू शेजारघरात इस्मत चुगताईंची 'चौथी का जोडा' ही कथा आहे. शिवणकामात वाकबगार असलेली आई साऱ्या मोहल्ल्याचे कपडे बेतते, आणि थोरली कुब्रा येऊ घातलेल्या स्थळासाठी राबते, पराठे लाटते, स्वेटर विणते. स्थळ खाऊन-पिऊन निघून जाते. कुब्रा क्षयाने मरते आणि आई तिचे कफन बेतायला बसते. आपल्याकडे ही कथा हुंड्याची आणि लग्नाच्या बाजाराची म्हणून वाचली जाते. आम्ही आता ती कामाची कथा म्हणून वाचतो. कुब्राचे हात दिवसभर चालतात, पण तिच्या कष्टाची मजुरी म्हणून तिला एकच गोष्ट मिळू शकते, नवरा. तो मिळाला नाही म्हणजे सगळे काम फुकट गेले. आपल्या वस्तीत आजही मुलीला शिवण, जरी, मेंदी शिकवतात ती आधी 'सासरी उपयोगी पडेल' म्हणून, आणि पोटासाठी म्हणून नंतर.

खास आपल्या म्हणजे मुस्लिम मराठी लेखनात मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' (1995) या आत्मकथनात नोकरी करून संसार चालवणारी बाई आहे. पण नोकरी आणि गठ्ठा यांत अंतर आहे. नोकरीला हजेरीपट असतो. गठ्ठ्याला नसतो. गठ्ठ्यावर वाढलेल्या मुलीचे आत्मकथन आमच्या वाचनात अजून आलेले नाही.

नाव मिळाले की काय होते

शब्दाने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. उत्तरासाठी सोलापूरला जावे लागेल. 1990 साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात ज्या शहरात झाली ते हे शहर. ते विडी कामगार बायांचेही शहर आहे. विड्या वळण्याचे काम घरात चालते, म्हणजे तेही 'घरातलेच' काम. परंतु 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. तिला ओळखपत्र मिळाले, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, युनियन मिळाली. त्या बळावर सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि 2006 साली ती बायांच्या ताब्यात आली. काम तेच, खोली तीच, फक्त मदतीचे नाव 'काम' झाले. त्यातून हक्काचे घर उभे राहिले. अर्थात आईच्या कार्डावर मुलीने वळलेल्या विड्या जातात, हे तेथेही सुटलेले नाही.

बाकीच्या कामांना असा कायदा नाही. उलट बालमजुरीच्या कायद्यात 2016 साली जो बदल झाला त्याने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी केली, पण एक खिडकी उघडी ठेवली. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मुलाने मदत केली तर चालेल. कायद्यातही शब्द 'मदत' हाच आहे. ठेकेदाराचा गठ्ठा घरात आला की तो कौटुंबिक उद्योग दिसतो, आणि त्यावर वाकलेली मुलगी कायद्याच्या नजरेतून सुटते.

आकडेही हेच सांगतात, फक्त ते शेजारी-शेजारी ठेवून वाचावे लागतात. 2011 च्या जनगणनेत 5 ते 14 वयाची सुमारे एक कोटी एक लाख मुले काम करताना मोजली गेली. त्यांत मुलगे सुमारे 56 लाख आणि मुली सुमारे 45 लाख. म्हणजे मुली कमी राबतात काय? 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील घरकाम करणाऱ्यांची विभागणी दिली आहे. बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटे बिनपगारी घरकाम करतात, पुरुष 88 मिनिटे. आणि सच्चर समितीने 2006 साली नोंदवले होते की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी 70 टक्के स्त्रिया स्वतःच्या घरातच काम करतात. सर्व समाजांचे प्रमाण 51 टक्के होते. तो अहवाल आपण नोकऱ्या आणि आरक्षणासाठी शंभर वेळा उघडला. हे पान मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले.

आपली जबाबदारी

गेल्या काही वर्षांत वस्ती बदलली आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलगे गॅरेजाऐवजी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिसतात. मुली चाँदरातीला मेंदी काढून स्वतःच्या हातात पैसे घेतात, शेजारच्या पोरांची शिकवणी घेतात, लहानांना कुराणशरीफ शिकवतात, मॉलमध्ये आणि दवाखान्यात कामाला जातात. जेथे पैसा मुलीच्या हातात येऊ लागला तेथे तिचा आवाजही बदलला आहे. कोणत्याही बयाणापेक्षा हा बदल मोठा आहे. संमेलनाच्या व्यासपीठावरून हजरत खदीजा व्यापार करीत होत्या हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण घरातल्या मुलीला तिच्या ग्रोसचा हिशेब तिच्या हातात द्यायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न त्या अभिमानाला जोडूनच विचारला पाहिजे.

समीक्षकांचे काम यात छोटे पण नेमके आहे. मोहल्ल्यावरची कथा-कविता वाचताना भाषा, प्रतिमा, जाणीव हे सारे पाहावे, पण एक साधा प्रश्नही विचारावा: या पानावर काम कोण करते आहे, आणि लेखकाने त्याला काय नाव दिले आहे? नायक गॅरेजातून दमून येतो तेव्हा त्याच्यापुढे ताट कोण ठेवते? ती दिवसभर काय करीत होती? या एका प्रश्नाने आमच्या स्वतःच्या पंक्चरच्या कथेची किंमत निम्म्याने उतरली आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही बहिणीला विचारले, त्या वेळी तू किती काम करायचीस? ती हसली. म्हणाली, "भाई, मैं कां काम करती थी? अम्मी को मदद करती थी मैं." मग थोड्या वेळाने ती स्वतःच मोजू लागली. एका शर्टाला किती बटणे, एका गठ्ठ्यात किती शर्ट, आठवड्याला किती गठ्ठे, दहावीपर्यंत किती वर्षे. मोजता मोजता तिचे हसू थांबले. आकडा मोठा होता. तो येथे देत नाही, तो तिचा आहे. पुढच्या अंकासाठी तिनेच लिहावे अशी विनंती आम्ही केली आहे. तिने अजून होकार दिलेला नाही. आधी विचारले, लिहायला बसले तर रात्रीचा स्वयंपाक कोण करील? या प्रश्नाचे उत्तर संपादकांना देता येणार नाही. ते आम्हांलाच द्यावे लागेल.